घट निघाला, आकाश राहिले?

समुद्रमार्गे आलेली अवाढव्य टाकी बंदरातून रस्त्याने कारखान्यापर्यंत न्यायची असते, तेव्हा वजनापेक्षा आकार जास्त छळतो. आणि त्या आकाराचा बहुतेक भाग पोकळीचा असतो. बिअर आंबवण्याची टाकी, धान्याचा सायलो, रसायनाचे दाबपात्र, रॉकेटच्या इंधनाची टाकी, यांतली कोणतीही वस्तू घेतली तरी धातूची एक भिंत आणि आत भरपूर रिकामी जागा एवढाच तिचा ऐवज. ट्रेलरवर चढते ती भिंत. रस्ता अडवते ती रिकामी जागा. या व्यवहाराच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. भारतीय दर्शनांनी तो मातीच्या घटाच्या निमित्ताने शतकानुशतके चर्चिला: घट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला, तर त्याच्या आतले आकाशही नेले जाते काय?

प्रश्न शब्दच्छल करणाऱ्यांचा वाटेल, पण अद्वैत वेदान्तात त्याच्या उत्तरावर जीव आणि ब्रह्म यांच्या नात्याची सगळी मांडणी तोलली आहे. आणि कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या घटापेक्षा बंदरावर उतरलेल्या टाकीवर तो अधिक स्वच्छ तपासता येतो. घट काखेत मारून नेता येतो, त्यामुळे आतली पोकळी कोणाच्या लक्षातही येत नाही. टाकीच्या बाबतीत त्या पोकळीसाठी परवाने काढावे लागतात.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत मर्यादित केली आहे. कॅलिफोर्नियातली मर्यादा 102 इंच, म्हणजे जवळजवळ तेवढीच. या मापात न बसणाऱ्या मालाला आपल्याकडे वाहतुकीच्या धंद्यात सरसकट ‘ओडीसी’ म्हणतात. असा माल पुलर, म्हणजे ओढणारा ट्रक, याच्यामागे जोडलेल्या हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरवर बसवतात. ॲक्सलच्या एका ओळीला सहसा आठ चाके असतात, आणि माल जसा जड तशा ओळी वाढवत न्यायच्या. 2018 साली जोडगाड्यांच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा 55 टन ठरली, तेव्हाही हे ट्रेलर तिच्यातून वगळले गेले. वजनाला अशी पळवाट आहे. उंची-रुंदीला ती नाही. तिथे विजेच्या तारा उचलाव्या लागतात, फांद्या छाटाव्या लागतात, दुभाजक काढून पुन्हा बसवावे लागतात, आणि पूल ठेंगणा निघाला तर गावाला वळसा घालावा लागतो. जानेवारी 2011 मध्ये जर्मनीत बनलेल्या बिअरच्या सहा टाक्या कॅनडातल्या हॅमिल्टन बंदरातून टोरांटोच्या कारखान्यात गेल्या त्या रात्रीच्या ताफ्याने, वाटेतल्या तारा वर करत करत. सहाही टाक्यांत बिअरचा थेंब नव्हता.

जहाजवाले पोकळीचा हिशेब अधिक उघडपणे मांडतात. मालाचे टन मोजायचे, घनमीटर मोजायचे, आणि जो आकडा मोठा निघेल त्यावर भाडे लावायचे, ही त्यांची रुळलेली रीत. मात्र पाण्यावर पोकळी नुसती परवडते असे नाही, ती लागतेच. जहाज स्वतःच एक तरंगता घट आहे. म्हणून 2017 मध्ये चीनहून ऑल्बनी बंदरात आलेल्या बिअरच्या बारा टाक्या रॉचेस्टरला नेताना रस्ता टाळून 1825 साली खुल्या झालेल्या ईरी कालव्याची आठवण झाली. कारखान्याजवळचा शेवटचा तुकडा तेवढा रस्त्याने करावा लागला. पाणी जिला उचलून धरते ती पोकळी जमिनीवर आली की अडगळ होते.

या प्रश्नाला साजेसे सर्वांत ठसठशीत उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. अमेरिकन अवकाशयानाला, म्हणजे शटलला, उड्डाणाच्या वेळी बाहेरून जोडली जाणारी नारिंगी टाकी अनेकांनी छायाचित्रांत पाहिलेली असते. उड्डाणागणिक ती वापरून टाकून दिली जाई. अशा टाक्यांपैकी कधीच न उडालेली ‘ईटी-94’ ही टाकी न्यू ऑर्लिन्सजवळच्या मिशूद इथल्या कारखान्यातून तराफ्यावर निघाली, पनामा कालवा ओलांडून मे 2016 मध्ये मरीना डेल रे या नौकाबंदरात आली, आणि तिथून सुमारे 16 मैल, म्हणजे 26 किलोमीटर, शहराच्या रस्त्यांवरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरला गेली. लांबी 47 मीटर, व्यास 8.4 मीटर. मध्यरात्री निघालेली टाकी 21 मेच्या संध्याकाळी पोहोचली. तिचे स्वतःचे वजन साधारण 30 टनच होते. भरलेल्या स्थितीत तिच्यात 700 टनांहून अधिक द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन मावला असता. जहाजवाल्यांच्या घनमीटरच्या रीतीने तिच्याभोवती चौकोनी खोका कल्पून मोजले तर 3,300 घनमीटर भरतात. वजनाच्या शंभरपटीहून जास्त!

याच शहरातून ऑक्टोबर 2012 मध्ये एंडेव्हर हे शटल विमानतळावरून त्याच संग्रहालयात नेले होते, तेव्हा सुमारे 400 झाडे तोडावी लागली आणि त्याहून जास्त लावण्याचे वचन द्यावे लागले. टाकी शटलपेक्षा लांब होती, तरी तिच्यासाठी तशी तोड झाली नाही, कारण शटलचे पंख 24 मीटर पसरलेले होते आणि टाकी रस्त्याच्या दिशेने निमूट आडवी झोपली होती. रस्ता एकूण किती घनमीटर जातात ते विचारत नाही, कोणत्या बाजूने जातात ते विचारतो.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही असा एक प्रवास आला आहे, पण त्यात समुद्र नव्हता. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी बनवलेला ऑटोक्लेव्ह जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून 74 चाकांच्या गाडीवर निघाला आणि जुलै 2020 मध्ये पोहोचला. ऑटोक्लेव्ह म्हणजे उष्णता आणि दाब देऊन संमिश्र पदार्थांचे भाग पक्के करण्याचे आडवे नळकांडे. वजन सुमारे 70 टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरहून थोडी जास्त, अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास. मधल्या टाळेबंदीचा अडथळा धरूनही सरासरी दिवसाला पाच किलोमीटर पडते. आळंदीहून पंढरपूरला निघालेली पालखी याहून कितीतरी वेगाने जाते. आत काहीही नसलेल्या वस्तूने चार राज्यांचे रस्ते वर्षभर कामाला लावले.

घटाच्या दृष्टान्ताकडे आता वळता येईल. गौडपादांनी मांडूक्यकारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात तो सविस्तर मांडला. घट घडला म्हणून आकाश जन्मत नाही, घट फुटला म्हणून मरत नाही; फुटल्यावर घटाकाश महाकाशात ‘मिसळले’ असे म्हणायचे एवढेच, एरवी ते वेगळे कधी नव्हतेच. एका घटात धूळ-धूर भरला तर बाकीच्या घटांतले आकाश मळत नाही, तसे एकाचे सुखदुःख दुसऱ्याला लागत नाही. जाणेयेणेही याच रांगेत येते. ब्रह्मबिंदू (किंवा अमृतबिंदू) या छोट्या उपनिषदात तर वाहतुकीचाच दाखला आहे: घट नेताना घटच नेला जातो, आकाश नेले जात नाही, आणि जीव त्या आकाशासारखा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात सर्वत्र असूनही कशानेच न लिंपणाऱ्या आकाशाची उपमा आत्म्याला दिली आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 च्या ज्ञानेश्वरीपासून मराठीत घट, मठ आणि आकाश ही त्रयी इतकी मुरली की कीर्तनात घटाकाश-मठाकाश म्हटले की पुढचे श्रोता स्वतःच पुरे करतो. हे मुरणे थोडे घातकही ठरले. दृष्टान्त ओळखीचा झाला आणि तपासायचा राहून गेला.

तपासणीतली पहिली पायरी हवेची आहे. ‘रिकामी’ टाकी रिकामी नसते. ईटी-94 मधल्या दोन कुंडांची धारणक्षमता मिळून सुमारे 2,000 घनमीटर आहे; तेवढ्या साध्या हवेचे वजन जवळजवळ अडीच टन भरते. दाबपात्रे दूरच्या प्रवासाला पाठवताना आतून गंज चढू नये म्हणून पुष्कळदा त्यांत नायट्रोजन भरून तोंडे बंद करतात. बंद टाकीतला हा वायू टाकीबरोबर बंदरातून कारखान्यापर्यंत खरोखरच जातो. वेदान्त्याला याची अडचण नाही, कारण त्याच्या पंचमहाभूतांत वायू वेगळा आणि आकाश वेगळे. गीतेच्या नवव्या अध्यायात सर्वत्र फिरणारा वायू आकाशात राहतो असे म्हटले आहे. फिरणारा कोण आणि राहण्याची जागा कोण, हा भेद तिथे स्पष्ट आहे. तेव्हा प्रश्न वायू वजा करून विचारायचा: टाकी पूर्ण निर्वात केली, तरी तिच्याबरोबर काही जाते का?

वैशेषिक दर्शन याला नि:शंक नकार देते, आणि त्याचे कारण वेदान्ताच्या कारणाहून निराळे आहे. कणादांच्या मते गती हे कर्म, आणि कर्म फक्त मूर्त द्रव्यात असते. पृथ्वी, पाणी, तेज, वायू आणि मन ही मर्यादित मापाची द्रव्ये हलू शकतात. आकाश, काल, दिशा आणि आत्मा सर्वव्यापी. जे सगळीकडे आहेच ते जाणार कुठे? कर्माचे पाच प्रकार त्यांनी सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण, गमन. क्रेनने टाकी जहाजातून वर उचलणे, ट्रेलरवर खाली टेकवणे, खड्ड्यावरून जाताना हायड्रॉलिक ॲक्सलचे आखडणे आणि पसरणे, आणि शेवटी पुलरचे ओढणे, एवढ्यात धक्क्यावरचे सगळे काम बसते. कणादांना बंदराची कल्पना असो वा नसो, यादी चपखल आहे. हे पाचही प्रकार टाकीच्या भिंतीला लागू पडतात. आकाशाला एकही नाही.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. वैशेषिकांचे आकाश म्हणजे आजच्या मराठीतली ‘जागा’ नव्हे. शब्द हा ज्याचा गुण ते आकाश. रिकाम्या टाकीवर हातोडी मारली की जो घुमतो त्या नादाचा आश्रय. वस्तू इथे आहे की तिथे, पूर्वेला की पश्चिमेला, हा व्यवहार ‘दिक्’ नावाच्या स्वतंत्र द्रव्यामुळे चालतो. ‘आकाश म्हणजे स्पेस’ असा सोपा अनुवाद करून दर्शनांची तुलना करणाऱ्या पुस्तकांनी या ठिकाणी बराच गोंधळ घातला आहे.

जैन विचारात आकाशाचे काम एकच: सर्वांना सामावून घेणे, अवगाह देणे. गतीसाठी मात्र जैनांनी आणखी एक द्रव्य मानले, आणि त्याचे नाव ‘धर्म’. या धर्माचा पुण्याशी संबंध नाही. मासा पोहतो तो स्वतःच्या बळावर, पण पाणी नसेल तर पोहू शकत नाही. धर्मद्रव्य त्या पाण्यासारखे, कुणालाही न ढकलणारे. त्याचा जोडीदार ‘अधर्म’ थांबणाऱ्याला आधार देतो, वाटसरूला झाडाची सावली देते तसा. रस्ता पुलरला ओढत नाही, पण रस्त्याशिवाय पुलर चालत नाही, ही रोजची गोष्ट पाहिली की जैनांना असे द्रव्य का लागले ते कळते. फरक एवढाच की त्यांचे आकाश अवगाह फुकट देते, आणि टाकीला रस्त्यावरचा अवगाह वीजमंडळ, पोलीस आणि बांधकाम खाते यांच्याकडून मिळवावा लागतो. शिवाय जैन आकाश अनंत प्रदेशांचे बनलेले आहे. टाकी निघाली म्हणजे एका ठिकाणचे प्रदेश तिने सोडले आणि दुसरीकडचे व्यापले. हा तपशील पुढे उपयोगी पडतो.

सर्वांत बारीक विश्लेषण बौद्धांकडे सापडते. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात वैभाषिकांचे मत असे दिले आहे की आकाश हा असंस्कृत, म्हणजे कारणांपासून न उपजलेला धर्म (इथे अर्थ मूलघटक) आहे आणि आडकाठी न करणे हेच त्याचे स्वरूप. पण त्याच ग्रंथात ‘आकाशधातू’ नावाची दुसरी गोष्टही आहे: छिद्र, पोकळी. दाराची चौकट, खिडकी, तोंड, नाकपुडी यांतली रिकामी जागा. ही पोकळी वैभाषिकांच्या मते उजेड किंवा अंधाराच्या रूपाची आणि संस्कृत, म्हणजे कारणांनी घडणारी व बदलणारी. सौत्रांतिकांनी पहिल्या आकाशालाही वस्तू मानण्याचे नाकारले; हाताला काही लागत नाही, एवढ्या अभावालाच आपण आकाश म्हणतो, असे त्यांचे म्हणणे. ते बाजूला ठेवले तरी आकाश आणि छिद्र हा भेद फार मोलाचा आहे. टाकीबरोबर काय जाते, या प्रश्नाचा बराच गुंता तो एका फटक्यात सोडवतो. छिद्र जाते. आत कोंडलेला अंधार जातो. आडकाठी न करणारे आकाश जिथल्या तिथे राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या टाकीला वाट देते.

छिद्र ही घडलेली गोष्ट आहे याचा पुरावा सायलोंच्या धंद्यातच मिळतो. धान्याचे सायलो दोन तऱ्हांनी येतात. एका तऱ्हेत पन्हळी पत्रे, नट-बोल्ट आणि खांब सुटे बांधून साध्या कंटेनरमधून येतात आणि जागेवर जोडले जातात. दुसऱ्या तऱ्हेत अख्खा वेल्ड केलेला सायलो ट्रेलरवर आडवा पडून येतो. दोघांची उभी राहिल्यावरची पोकळी सारखीच असू शकते, पण पहिला पोकळीशिवाय प्रवास करतो आणि दुसरा पोकळीसकट. पहिल्याच्या पत्र्यांच्या थप्पीत पोकळी शोधून सापडणार नाही. ती कोणत्याच पत्र्यात नाही, अख्ख्या सायलोत आहे. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ मानणाऱ्या नैयायिकाला हा मुद्दा आवडेल, अवयवी नाकारणाऱ्या बौद्धाला तो पचवावा लागेल. वाहतुकीचा खर्च वाचवायचा तर सगळेच सुटे करून का नेत नाहीत, याचे उत्तरही इथेच आहे. उच्च दाबाच्या जाड पात्राचे सांधे कारखान्यात जोडून, तापवून, तपासून पक्के केलेले असतात; ते तोडले की पात्राचे पात्रपण जाते. ज्याची एकता नुसती नावाची, ते सुटे प्रवास करते. ज्याच्या एकतेवर माणसांचे जीव अवलंबून, त्याला आपली पोकळी बरोबर वागवावी लागते.

अद्वैती म्हणेल की जागेवर जोडलेल्या सायलोची पोकळी नव्याने जन्मली हा भास आहे. जागा होतीच, भोवती पत्रा आला. आकाशाबद्दल हे बरोबर आहे. पण दृष्टान्ताची खरी परीक्षा सायलो उभा राहताना होत नाही. टाकी चालू लागते तेव्हा होते. आकाश हलत नसेल आणि टाकी हलत असेल, तर टाकीच्या आतले आकाश क्षणोक्षणी वेगळे असले पाहिजे. ईटी-94 ने 26 किलोमीटरच्या वाटेवर स्वतःच्या लांबीएवढ्या सुमारे साडेपाचशे जागा एकामागून एक व्यापल्या आणि सोडल्या. मग ‘टाकीतले आकाश’ नेमके कोणते? बंदरावरचे की संग्रहालयातले? दृष्टान्त जीवाला लावला की अडचण गंभीर होते. देह हा घट आणि चैतन्य हे आकाश असेल, तर माणूस चार पावले चालला की त्याच्या देहाने वेढलेले चैतन्य बदलले. पुण्यात ज्याने कर्ज काढले आणि नागपुरात ज्याच्याकडे वसुलीला माणूस आला, ते दोघे एकच कसे?

हा आक्षेप नवा नाही. वेदान्ताचार्य भास्करांच्या उपाधिवादाचा समाचार घेताना रामानुजांनी तो नेमका मांडला: उपाधी, म्हणजे घटासारखी वेढणारी मर्यादा, फिरते म्हटले की ब्रह्माचा एक भाग सुटतो आणि दुसरा बांधला जातो, म्हणजे क्षणोक्षणी बंध आणि क्षणोक्षणी मोक्ष. भास्कर उपाधी खरी मानत, म्हणून त्यांच्यावर घाव थेट बसतो. पण वाचस्पती मिश्रांच्या भामतीने पुढे केलेल्या अवच्छेदवादालाही, म्हणजे जीव हे उपाधीने वेढलेले चैतन्य या मतालाही, तो चुकवता येत नाही.

अद्वैत्यांची उत्तरे दोन दिशांनी गेली. पहिले उत्तर असे की आकाशाला भागच नाहीत. ‘हा भाग सुटला, तो बांधला गेला’ ही भाषा जैनांच्या प्रदेशांसारखे तुकडे आधीच गृहीत धरते. भाग दिसतात ते भिंतीमुळे, आणि भिंतीने पाडलेले भाग भिंतीबरोबरच मोजले पाहिजेत. उत्तर बिनतोड वाटते, पण त्याची किंमत मोठी आहे. भाग नाहीतच म्हटल्यावर ‘टाकी आकाशाच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली’ हे विधानही सोडावे लागते, कारण ठिकाणे हे आकाशाचे भागच. मग टाकी गेली कुठून कुठे? बंदरापासून संग्रहालयापर्यंत, एवढेच म्हणता येते, म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. घट नेला जातो हे दृष्टान्तातले अर्धे वाक्यही त्यामुळे पूर्वीइतके सरळ राहत नाही.

दुसरे उत्तर प्रकाशात्म्यांच्या विवरण परंपरेचे: दृष्टान्तच बदला. जीव हे वेढलेले आकाश नव्हे, प्रतिबिंब आहे. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी पंचदशीच्या चित्रदीप प्रकरणात घटाकाश आणि महाकाश यांच्या जोडीला जलाकाश व मेघाकाश घातले. जलाकाश म्हणजे घटातल्या पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब. जीवाचे स्थान तिथे. या मांडणीत घट नेला की प्रतिबिंबही खरोखर बरोबर जाते, पाणी हिंदकळले की तेही हिंदकळते, आणि वरचे आकाश अविचल राहते. चालणारा, कर्ज काढणारा, घाबरणारा जीव कोण, याचा खुलासा यात जास्त समाधानकारक होतो. रस्त्यावर पाण्याचा अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा झोके खातो, आणि ते आवरण्यासाठी आत आडव्या पडद्या का घालतात, हे ज्याला माहीत आहे त्याला जलाकाशाची अस्वस्थता वेगळी सांगावी लागत नाही. 

या दोन उत्तरांत निवड करायची झाली, तर गतीपुरते झुकते माप प्रतिबिंबाला द्यावे लागते. घटाकाशाचा दृष्टान्त एकता आणि निर्लेपता समजावण्यासाठी घडवलेला आहे, आणि त्या कामी त्याच्या तोडीचा दुसरा नाही. आम्लाची टाकी असो की दुधाची, आतल्या आकाशाला ना जळजळ ना आंबटपणा. प्रवासाचे ओझे मात्र त्याच्यावर गौडपादांच्याच काळापासून लादले गेले, आणि ते त्याच्या मापात न बसणारे आहे.

पश्चिमेत हाच वाद भांड्यावरूनच चालला, हा नुसता योगायोग नसावा. अॅरिस्टॉटलने भौतिकीच्या चौथ्या ग्रंथात जागेची व्याख्या वस्तूला वेढणाऱ्याची आतली, न हलणारी सीमा अशी केली आणि तिथेच म्हटले की भांडे ही हलवता येणारी जागा आहे आणि जागा हे न हलवता येणारे भांडे. नदीत चालणारी नाव त्याला अडवते: नावेला वेढणारे पाणी तर वाहते आहे, मग नावेची जागा कोणती? सगळी नदी, असे त्याचे उत्तर. न्यूटनने 1687 मध्ये स्थिर, निरपेक्ष अवकाश मांडून वाद मिटवल्यासारखे केले. लाइब्निट्सने 1715-16 च्या पत्रव्यवहारात, न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या क्लार्कशी वाद घालताना, जागा म्हणजे वस्तूंमधल्या संबंधांची व्यवस्था, त्यापलीकडे काही नाही, असे ठणकावले.

आइनस्टाइनने 1952 साली आपल्या सापेक्षतेवरच्या लोकप्रिय पुस्तकाला जे परिशिष्ट जोडले, त्यातला युक्तिवाद तर घट-मठाचाच म्हणावा असा आहे. मोठ्या पेटीत लहान पेटी स्थिर असेल तर लहानीची पोकळी ही मोठीच्या पोकळीचा भाग. लहान पेटी हलू लागली की पेच पडतो. ती नेहमी तीच पोकळी वेढते असे वाटते, आणि मोठ्या पेटीच्या पोकळीतला वेगवेगळा भाग वेढते असेही वाटते. त्याची सोडवणूक अशी की प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा, भिंतीपाशी न थांबणारा अवकाश द्यावा आणि हे अवकाश एकमेकांच्या सापेक्ष गतीत आहेत असे मानावे. एकच महाकाश अचल आणि घट तेवढे चल, ही मांडणी त्यामुळे ढासळते. टाकीचाही एक अमर्याद अवकाश आणि शहराचाही एक. कोण चालले हे कोणाच्या घरून पाहता त्यावर ठरते. वैशेषिकांचे ‘सर्वव्यापी, म्हणून अचल’ हे प्रमेय इथे चालत नाही, कारण सर्वव्यापी अवकाश आता अगणित झाले. अद्वैताच्या एकतेला याने धक्का बसतो का? बसतो तो उपमेला. ब्रह्म एक आहे हा सिद्धान्त आकाशाच्या भौतिकीवर कधी उभा नव्हता. आकाश तिथे उपमान म्हणून आले होते, आणि उपमान बदलले तरी उपमेयाला काही होत नाही, असे कोणताही वेदान्ती म्हणेल. ते मान्य करून एवढेच नोंदवायचे की ‘घट नेला, आकाश नाही’ हे उपमान आता निर्विवाद राहिलेले नाही.

लॉस एंजेलिसच्या टाकीचा पुढचा प्रवास लांबीत नगण्य आणि उंचीत मोठा होता. आडवी आलेली ईटी-94 जानेवारी 2024 मध्ये उभी केली गेली, उड्डाणाच्या वेळी असते तशी, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एंडेव्हर क्रेनने उचलून तिला जोडले. एवढी उंच जोडणी तयार इमारतीच्या दारातून आत नेणे शक्य नव्हते. म्हणून क्रम उलटा लावला गेला: आधी टाकी आणि शटल उघड्यावर उभे केले, आणि त्यांच्याभोवती संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या भिंती व छप्पर नंतर चढत गेले. घट आधी येऊन उभा राहिला, मठ त्याच्याभोवती मागाहून बांधला गेला.